घरखर्चातील पुस्तकाची ओळ

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बडोदे येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



साठ वर्षे पूर्ण केलेल्या शाळेच्या समारंभात इमारतीविषयी, निकालांविषयी आणि नामवंत विद्यार्थ्यांविषयी बोलले जाते. ते योग्यच आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र त्याहून लहान आणि घरगुती आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला घरोघरी खर्चाची आखणी होते. किराणा, दूध, वीजबिल, घरभाडे किंवा कर्जाचा हप्ता, मुलांची शिकवणी, मोबाइलचा रिचार्ज, वाहनाचे पेट्रोल, सणवार, पाहुणे अशा साऱ्या ओळी त्या आखणीत असतात. त्यांत पुस्तकाची ओळ असते काय, आणि असल्यास तिच्यापुढे कोणता आकडा असतो, एवढाच आजचा प्रश्न आहे. वरवर तो किरकोळ वाटेल. परंतु महाराष्ट्राबाहेर चालणाऱ्या मराठी शाळेचे भवितव्य बऱ्याच अंशी या एका ओळीवर अवलंबून आहे, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट व्हावे.

आरंभी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ‘‘पुस्तकांवर आम्ही भरपूर खर्च करतो’’ असे पालक सांगतात तेव्हा त्यात पाठ्यपुस्तके, मार्गदर्शिका, अपेक्षित प्रश्नसंच आणि स्पर्धा परीक्षांची जाडजूड पुस्तके यांचाच समावेश असतो. तो खर्च आवश्यक आहे, पण तो शिक्षणाचा खर्च होय. परीक्षा संपली की ती पुस्तके घरातून जातात, जावीतच. येथे ज्या पुस्तकाचा विचार करावयाचा आहे ते कोणीही सक्ती केलेली नसताना, केवळ वाचावेसे वाटले म्हणून विकत घेतलेले पुस्तक होय. कथासंग्रह असेल, चरित्र असेल, पक्ष्यांविषयीचे किंवा पाककृतींचे पुस्तक असेल, मुलांचे चित्रमय पुस्तक असेल. अशा पुस्तकावर वर्षभरात किती रुपये खर्च झाले, हा हिशेब फारच थोड्या घरांत मांडला जातो.

देशपातळीवरील चित्राकडे पाहू. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ या काळात कौटुंबिक उपभोग-खर्चाची पाहणी केली. तीनुसार शहरी भागातील माणशी मासिक खर्च सरासरी ६,४५९ रुपये होता. त्यातील ५.७८ टक्के, म्हणजे सुमारे ३७३ रुपये, शिक्षणाच्या खाती जातात. या खात्यात शाळा-महाविद्यालयाचे शुल्क येते, शिकवणी येते, वह्या-पेन्सिली येतात, वर्तमानपत्रे येतात आणि उरलेल्या कोपऱ्यात पुस्तकेही येतात. त्याच पाहणीत पेये, न्याहारी आणि तयार खाद्यपदार्थ यांवरचा शहरी खर्च १०.६४ टक्के, म्हणजे सुमारे ६८७ रुपये आहे. चौघांच्या कुटुंबाचा हिशेब केला तर बाहेरचे खाणेपिणे आणि डबाबंद पदार्थ यांवर महिन्याला पावणेतीन हजार रुपये जातात आणि सगळ्या शिक्षणावर मिळून दीड हजार. हे सरासरीचे आकडे आहेत; कोणत्याही एका घराचे नव्हेत. खाण्यापिण्याला नावे ठेवण्यासाठीही ते सांगितलेले नाहीत. पुस्तक परवडत नाही असे म्हणणाऱ्या घरातही परवडणाऱ्या गोष्टींची यादी बरीच लांब असते, एवढेच त्यांवरून दिसते.

‘‘मराठी पुस्तके फार महाग झाली’’ ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. तीत तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे. सुमारे पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी दहा-पंधरा रुपयांना मिळणाऱ्या कादंबरीला आज चारशे-पाचशे रुपये पडतात, हे खरे. त्या काळी कारकुनाचा किंवा प्राथमिक शिक्षकाचा पगारही दोन-तीनशे रुपये होता, ही बाजू मात्र तक्रार करताना विसरली जाते. पगाराच्या प्रमाणात पाहिले तर पुस्तक तेव्हाही स्वस्त नव्हते. तरीही ते घेतले जाई. एखादा महिना इतर खर्चाला कात्री लावून, कधी दोन बिऱ्हाडांनी मिळून ते घेतले जाई आणि आळीपाळीने वाचले जाई.

पुस्तकाची किंमत ठरते कशी, हे वाचकाला क्वचितच ठाऊक असते. त्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. अडीचशे पानांच्या एका पुस्तकाची अक्षरजुळणी, संपादन, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ यांना साठ हजार रुपये लागले, असे समजू. प्रती कितीही निघोत, हा खर्च तेवढाच राहतो. कागद, छपाई आणि बांधणी यांना दर प्रतीमागे ऐंशी रुपये लागतात, असे धरू. आता केवळ तीनशे प्रती खपणार असतील तर आरंभीचा खर्च दर प्रतीवर दोनशे रुपये बसतो आणि एक प्रत दोनशे ऐंशी रुपयांना पडते. हजार प्रती खपणार असतील तर तीच प्रत एकशे चाळीस रुपयांना आणि तीन हजार खपणार असतील तर शंभर रुपयांना पडते. छापील किमतीतून वितरक व विक्रेता यांची सूट साधारणपणे चाळीस टक्क्यांच्या आसपास जाते आणि लेखकाचे मानधन दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे किमतीच्या निम्म्यातच निर्मितीचा खर्च भागवावा लागतो. त्यामुळे छापील किंमत पहिल्या बाबतीत पाचशे साठ, दुसऱ्या बाबतीत दोनशे ऐंशी आणि तिसऱ्या बाबतीत दोनशे रुपये ठेवावी लागते. प्रकाशकाचा नफा आणि न खपलेल्या गठ्ठ्यांची झळ यात अजून धरलेलीच नाही.

छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु कागदासारख्या कच्च्या मालावर प्रकाशकाला कर भरावाच लागतो आणि तो शेवटी किमतीत उतरतो. तरीही किमतीचे मुख्य कारण करात नाही, प्रतींच्या संख्येत आहे. मराठी पुस्तकाची पहिली आवृत्ती हजार प्रतींची, हा अनेक वर्षांचा परिपाठ होता. आज मागणीनुसार छपाईची सोय झाल्यामुळे दोनशे-तीनशे प्रतींचीही आवृत्ती निघते. कोट्यवधी भाषकांच्या भाषेत ही स्थिती आहे. पुस्तक महाग म्हणून कोणी घेत नाही आणि कोणी घेत नाही म्हणून पुस्तक महाग होते, असे हे चक्र आहे. लेखक, प्रकाशक व विक्रेते यांना ते एकट्याने तोडता येणार नाही. ते तोडण्याचे सामर्थ्य विकत घेणाऱ्या वाचकात आहे.

हा विचार बडोद्यात मांडताना येथील परंपरेचे स्मरण अपरिहार्य आहे. कवळाण्याहून दत्तक आलेल्या आणि वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत अक्षरओळखही नसलेल्या मुलाने पुढे या संस्थानात वाचनाची जी व्यवस्था उभी केली तिला हिंदुस्थानात तोड नव्हती. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. शिकलेला मुलगा पुढे वाचणार काय, हा प्रश्न त्यांना लगेच जाणवला. वाचायला काही मिळाले नाही तर शाळेत शिकलेली अक्षरे चार-पाच वर्षांत पुसून जातात, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून १९१० मध्ये अमेरिकेतील ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना येथे आणून त्यांनी ग्रंथालयांचे जाळे विणले. राजवाड्यातील स्वतःचा संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाला दिला. फिरत्या ग्रंथालयांच्या पेट्या खेडोपाडी जाऊ लागल्या. मांडवीजवळील मध्यवर्ती ग्रंथालयातील काचेच्या तळजमिनी आणि पोलादी फडताळे पाहण्यास आजही लोक मुद्दाम येतात. देशी भाषांतील पुस्तके निघावीत म्हणून महाराजांनी दोन लाख रुपयांचा निधी बाजूला काढला आणि त्यातून श्री सयाजी साहित्यमाला व मुलांसाठी बालज्ञानमाला सुरू झाल्या.

या कार्यातील एक तत्त्व आजच्या विषयाशी थेट निगडित आहे. खेड्यातील ग्रंथालय सरकारने फुकट दिले नाही. गावकऱ्यांनी एक हिस्सा जमवावा, तितकाच स्थानिक पंचायतीने द्यावा आणि तितकाच सरकारने द्यावा, अशी ती योजना होती. गावाने आधी खिशात हात घातला पाहिजे, मग सरकारचा हात पुढे येईल. चरोतर भागात मोतीभाई अमीन यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ही चळवळ लोकांत रुजवली ती याच आधारावर. महाराजांजवळ पैसा कमी होता म्हणून ही अट नव्हती. ज्या वस्तूसाठी माणूस आपल्या कमाईतला थोडा तरी भाग देतो त्या वस्तूवर त्याची ममता बसते, हे त्यामागील व्यवहारज्ञान होते. फुकट मिळालेले पुस्तक पुष्कळदा बासनात राहते. चार आणे देऊन आणलेले वाचले जाते.

महाराष्ट्राबाहेरील मराठी वाचकाने हे तत्त्व दीर्घकाळ पाळले. त्याच्यासाठी पुस्तक विकत घेणे हे पुण्या-मुंबईतील वाचकापेक्षा नेहमीच अधिक खटपटीचे होते. १८७७ मध्ये टपालखात्याने किंमत वसूल करून वस्तू पोहोचवण्याची पद्धत सुरू केली आणि ‘व्ही.पी.’ हा शब्द मराठी घरात रूढ झाला. जाहिरात पाहून पोस्टकार्ड टाकावे, पंधरा दिवस वाट पाहावी, पोस्टमन दाराशी आला की पैसे मोजून व्ही.पी. सोडवून घ्यावी, असा तो क्रम असे. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बडोदे येथील कित्येक घरांतील संग्रह असेच एकेक व्ही.पी.ने उभे राहिले. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले ते कोणा राजाच्या एकट्या देणगीवर नव्हे. मंडळी स्थापून, भागभांडवल जमवून आणि वर्गणीदार मिळवून त्यांनी ते काम तडीस नेले. पुढे १९३१ मध्ये हैदराबादला भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. बडोद्यातही १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशी चार संमेलने भरली. संमेलनातील भाषणे कालांतराने विसरली जातात. ग्रंथप्रदर्शनातून पिशवी भरून घरी आणलेली पुस्तके मात्र फडताळात राहतात आणि पुढच्या पिढीच्या हाती लागतात.

दिवाळी अंक हा या खरेदीचाच आणखी एक प्रकार होय. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून फराळाबरोबर वाचनाची सोय करणे हा मराठी घराचा रिवाज झाला. एका घराने एक अंक घ्यावा, शेजारच्याने दुसरा घ्यावा आणि तुळशीच्या लग्नापर्यंत ते सोसायटीभर फिरावेत, ही पद्धत बडोद्यातील कित्येक मराठी वस्त्यांत होती. आज एका अंकाची किंमत अडीचशे-चारशे रुपये आहे आणि घ्यावयाचे कोणी, यावरच बोलणे थांबते. चौघांनी मिळून चार अंक घेतले तर प्रत्येकाला एकाच अंकाच्या किमतीत चार वाचायला मिळतात, हे साधे गणित नव्याने सांगावे लागते.

आता आजच्या अडचणींचा विचार करू. पहिली अडचण उपलब्धतेची. मराठी पुस्तकांचे दुकान महाराष्ट्राबाहेर कोपऱ्यावर मिळत नाही. पुण्यास गेलेला माणूस अप्पा बळवंत चौकात एक चक्कर मारून येतो, मुंबईस गेलेला दादरला थांबतो. बाकरवडीच्या पुड्याशेजारी दोन पुस्तके पिशवीत येतात. पण ही खरेदी योगायोगाची झाली. आता प्रकाशकांची संकेतस्थळे आहेत आणि घरपोच पुस्तके देणाऱ्या मोठ्या कंपन्या आहेत. एका पुस्तकाला लागणारा पाठवणीचा खर्च ही त्यातील खरी अडचण होती. भारतीय टपालखात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ नावाची सेवा सुरू केली आहे. तीत तीनशे ग्रॅमपर्यंतच्या पुस्तकाच्या पार्सलला वीस रुपये आणि पाच किलोपर्यंत शंभर रुपये असा दर ठेवला गेला. त्यावरील कर वेगळा. अडीचशे पानांचे पुस्तक साधारण तीनशे ग्रॅम भरते. म्हणजे पाच किलोच्या एका गठ्ठ्यात अशी पंधरा पुस्तके येतात आणि प्रत्येक पुस्तकामागे टपालाचा खर्च सात रुपयांच्या आसपास पडतो. दहा-बारा पालकांनी एकत्र मागणी नोंदवली तर पाठवणीचा प्रश्न उरत नाही. शिवाय एकगठ्ठा मागणीवर प्रकाशक सूट देतात. प्रकाशनपूर्व सवलतीत नाव नोंदवणाऱ्याला तर छापील किमतीपेक्षा पुष्कळच कमी पैसे मोजावे लागतात.

दुसरी अडचण मोबाइलची म्हणून सांगितली जाते. वाचन कमी झाले यापेक्षा एक वेगळी गोष्ट येथे अधिक चिंतेची आहे. प्रसिद्ध पुस्तकांच्या चोरून तयार केलेल्या प्रती समूहांवर फिरतात आणि सुशिक्षित माणसे त्या ‘ज्ञानदान’ समजून पुढे पाठवतात. ज्या लेखकाने चार वर्षे खपून पुस्तक लिहिले त्याच्या मानधनाचे चाळीस-पन्नास रुपये त्या एका स्पर्शाने बुडतात. बहुतेक वेळा ती प्रत वाचलीही जात नाही. फक्त साठवली जाते. फुकट आणि रीतसर मिळणारे वाचन थोडे नाही. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर खुला आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी पुस्तके वाचकांसाठी तेथे ठेवली आहेत. त्यांचा अवश्य लाभ घ्यावा. मात्र लेखकाचा घास काढून घेऊन जोपासलेले वाचन मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवता येत नाही.

तिसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. ग्रंथालये असताना विकत का घ्यावे? ग्रंथालय हवेच. किंबहुना महाराष्ट्राबाहेरील मराठी ग्रंथालयांना सभासदांची अधिकच गरज आहे. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याची व्याप्ती त्या राज्यापुरती आहे. येथील मराठी ग्रंथालय सभासदांच्या वर्गणीवर आणि कार्यकर्त्यांच्या निष्ठेवर चालते. म्हणून वर्गणी हाही पुस्तकखर्चच धरावा. परंतु ग्रंथालयातील पुस्तक परत जाते. घरातले पुस्तक राहते, आणि राहण्यातच त्याचे काम असते. सात वर्षांचा मुलगा ज्या पुस्तकाच्या पाठीवरचे नाव रोज पाहतो ते तो तेराव्या वर्षी एखाद्या कंटाळवाण्या दुपारी आपणहून उघडतो. ती दुपार कोणत्याही वेळापत्रकात बसवता येत नाही. पुस्तक हाताशी असणे, एवढेच मोठ्यांच्या हाती असते.

येथे या शाळेपुढील प्रश्न अगदी स्पष्ट दिसतो. बडोद्यातील मराठी मूल घरात मराठी बोलते, रस्त्यावर गुजराती ऐकते, दुकानाच्या पाट्या गुजराती लिपीत वाचते, दूरचित्रवाणीवर हिंदी पाहते आणि महाविद्यालयात इंग्रजीशी झुंजते. या सर्व भाषा त्याच्या आहेत. त्यांतील पुस्तकेही घरात यावीत. गुजराती बालसाहित्य समृद्ध आहे आणि ते वाचणारे मराठी मूल दुप्पट श्रीमंत होते. परंतु दहावीचा मराठीचा पेपर दिल्यानंतर मराठी वाचण्याचा प्रसंगच त्याच्यावर आला नाही, तर देवनागरी अक्षरे ओळखूनही मराठी वाक्याचा सराव सुटतो. जोडवाक्याचा अर्थ लावताना तो अडखळतो, आजोबांचे पत्र वाचताना कंटाळतो, आणि त्याच्या मुलांच्या शाळेची निवड करण्याची वेळ येते तेव्हा मराठी त्याला सणासुदीपुरती भाषा वाटते. शाळांचे वर्ग रिकामे होण्याचे एक कारण इंग्रजीची ओढ हे आहेच. पण शाळा सुटल्यानंतर घरात मराठी पुस्तक न येणे, हे त्याहून शांतपणे काम करणारे कारण आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद सर्वांना झाला. त्या आनंदात घरी एक पुस्तक आले असेल तर तो दर्जा त्या घरापर्यंत पोहोचला, असे म्हणता येईल.

या विवेचनात एक गोष्ट नजरेआड होता कामा नये. मराठी शाळेत मूल पाठवणारी अनेक घरे काटकसरीने चालतात. रोजंदारीवर जाणारे, रिक्षा चालवणारे, धुणीभांडी करून मुलांना शिकवणारे पालक याच सभागृहात आहेत. त्यांना पाचशे रुपयांची कादंबरी घ्या असे सांगणे निर्दयपणाचे होईल. त्यांच्यासाठीही दार बंद नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि माफक किमतीत मिळते. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तके सामान्य घराला परवडणारी आहेत. ‘प्रथम बुक्स’ची चित्रमय पुस्तकेही स्वस्त आहेत. जुन्या पुस्तकांच्या दुकानात तीस-चाळीस रुपयांत चांगले पुस्तक सापडते. वर्षातून एकदा, वाढदिवसाला, मुलाने स्वतः निवडलेले एक पुस्तक घरात आले, तरी दहावीपर्यंत दहा पुस्तके होतात. पुष्कळ सुस्थित घरांतही दहा पुस्तके नसतात. आणि जेथे तेही शक्य नसेल तेथे सुस्थितीतील माजी विद्यार्थ्यांचे कर्तव्य सुरू होते.

माजी विद्यार्थी शाळेला काही देऊ इच्छितात तेव्हा पंखे, घड्याळे, संगणक असे विचार प्रथम येतात. त्या वस्तूंचेही स्वागत आहे. परंतु पुस्तके देताना एक विवेक बाळगावा. घर आवरताना निघालेला जुना गठ्ठा शाळेच्या दारात आणून ठेवणे म्हणजे देणगी नव्हे. वाळवी लागलेल्या प्रती आणि पंचवीस वर्षांपूर्वीच्या संगणकाच्या मार्गदर्शिका घेऊन मुले काय करणार? त्याऐवजी दरवर्षी ठराविक रक्कम द्यावी आणि पुस्तके मुलांना निवडू द्यावीत. मुले निवडतात ती पुस्तके मोठ्यांना कधी हलकीफुलकी वाटतात. भुताच्या गोष्टी, क्रिकेटपटूंची चरित्रे, विनोदी कथा यांनाच ती हात घालतात. त्यात चिंतेचे काही नाही. गोड लागलेल्या पहिल्या पुस्तकाच्या बोटाला धरूनच मूल पुढच्या पुस्तकाकडे जाते.

याच संदर्भात वडीलधाऱ्यांच्या संग्रहाचाही प्रश्न येतो. आजोबांच्या पश्चात घर लहान करताना पुस्तकांची फडताळे आधी रिकामी होतात आणि पस्तीवाल्याच्या काट्यावर चढतात. ज्या पुस्तकासाठी कधी काळी व्ही.पी. सोडवून घेतली ते किलोच्या भावाने जाते. सगळी पुस्तके ठेवणे कोणालाच शक्य नसते, हे मान्य. मात्र पस्तीवाल्याला बोलावण्याआधी एक दुपार काढावी, नातवंडांना शेजारी बसवावे आणि प्रत्येकाने निदान पाच पुस्तके आपली म्हणून उचलावीत. दुर्मीळ असतील ती ग्रंथालयाला दाखवावीत. आजोबांनी पहिल्या पानावर लिहिलेले नाव आणि तारीख वाचताना कुटुंबाचा इतिहास मुलांना जसा कळतो, तसा तो छायाचित्रांच्या अल्बममधूनही कळत नाही.

मग खर्च किती करावा? याला एकच उत्तर नाही; पण आरंभ करण्यापुरते प्रमाण सुचवता येते. ज्या घराला परवडते त्याने महिन्याच्या खर्चातील शंभर रुपयांमागे एक रुपया पुस्तकासाठी ठेवावा. चाळीस हजार रुपये खर्च असणाऱ्या घरात हे चारशे रुपये होतात. सहकुटुंब एकदा बाहेर जेवण्याला यापेक्षा अधिक लागतात. वर्षाला चार हजार आठशे रुपयांत लहानमोठी पंधरा-वीस पुस्तके येतात आणि दहा वर्षांत घरात एक छोटे ग्रंथालय उभे राहते. ही रक्कम वेगळी ठेवावी, कारण उरले तर घेऊ असे ठरवले की काहीच उरत नाही. तीतील निम्मा वाटा मुलांच्या निवडीचा असावा. मुंज, लग्न, वास्तुशांत, बारसे अशा प्रसंगी आहेराच्या पाकिटाबरोबर एक पुस्तक द्यावे. आणि ज्याने पुस्तक आणले त्याने ते वाचावे. कारण वाचणारे आईवडील दिसल्याशिवाय मुलांना वाचनाचा उपदेश पटत नाही.

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेच्या वतीने एवढीच विनंती आहे. प्रत्येक इयत्तेच्या पालकांनी मिळून वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि दिवाळीपूर्वी, एकत्रित मागणी नोंदवावी. गठ्ठा शाळेत यावा आणि मुलांच्या हस्ते तो उघडला जावा. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना शक्य आहे त्यांनी त्या प्रत्येक गठ्ठ्यात अशा एका मुलाच्या पुस्तकाची भर घालावी ज्याच्या घरून मागणी येऊ शकली नाही. त्या मुलाला ते कोणी दिले हे कळण्याची गरज नाही. गावकऱ्यांचा एक हिस्सा, पंचायतीचा एक आणि सरकारचा एक, ही याच शहरातून निघालेली रीत होती. आज पालकांचा एक हिस्सा, माजी विद्यार्थ्यांचा एक आणि शाळेचा एक, अशी ती पुन्हा चालवता येईल. शाळा आपल्या हिश्शातून कपाटे, नोंदवही आणि आठवड्यातून एक तास देईल.

साठ वर्षांत या वर्गांतून हजारो मुले वाचायला शिकून बाहेर पडली. वाचता येणे हे शाळेने दिले. वाचत राहणे हे घराच्या हाती आहे. येत्या महिन्याच्या पहिल्या तारखेला खर्चाची यादी लिहिताना दूध आणि वीजबिल यांच्या खाली आणखी एक ओळ लिहिली जावी. तिच्यापुढचा आकडा लहान असला तरी चालेल. ती ओळ दर महिन्याला लिहिली जावी, एवढीच अपेक्षा.